वाटा फोडणीआधीचा

"कुत्र्यासाठी बिस्किटं? आणि तीही घरी करून?" शेजारच्या वहिनी परवा आमच्या स्वयंपाकघरात डोकावल्या आणि तव्यावरचे चौकोनी तुकडे बघून हसू लागल्या. "अहो, इथं माणसांसाठी शंकरपाळे करायला सवड नाही!"

त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मला कोणी असं सांगितलं असतं, तर मीही अशीच हसले असते. मग चहा टाकला, वहिनींना बसवलं आणि आमच्या मोत्याची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, आज तीच तुम्हांला सांगते. गोष्ट संपल्यावर पाककृती आहेतच.

मोत्या आमचा गावठीच. एका पावसाळ्यात धाकट्याच्या मागोमाग भिजत घरी आला आणि इथलाच झाला. वजन असेल पंधरा किलो. त्याचं जेवण म्हणजे आपल्याकडे बिडकीनला घरोघरी असतं तसंच. रात्रीची उरलेली भाकरी कुस्करायची, वर उरलेलं कालवण ओतायचं. तो खूश, आणि अन्न वाया जात नाही म्हणून आम्हीही खूश.

आमच्या घरी चातुर्मास पाळतात. सासूबाई कांदेनवमीला भजी करून कांदा, लसूण, वांगं बंद करतात ते चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य दाखवूनच पुन्हा सुरू करतात. त्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा आणि लसूण असा थाट असतो. कुत्रा हे खंडोबाचं वाहन, म्हणून नैवेद्यातला घास त्यालाही देतात. त्या वर्षी आम्ही सकाळी सातारा गावच्या खंडोबाचं दर्शन घेऊन आलो. सासूबाईंनी मोत्याला हळद लावली आणि पानभर भरीत-रोडगा त्याच्यापुढे ठेवला. गल्लीत तेवढं एकच पाळलेलं कुत्रं, त्यामुळे आणखी तीन-चार घरांतून ताटल्या आल्या. कांद्याची पात सगळ्यांत सढळ हातानं घातलेली. मोत्यानं सगळ्या चाटूनपुसून साफ केल्या. पुढचे दोन-तीन दिवस जवळजवळ पाच महिन्यांच्या खंडानंतर घरात कांद्याचीच चलती होती. झुणका, भजी, मसाल्याचं कालवण, आणि त्यातलं उरलेलं नेहमीप्रमाणे मोत्याला.

चौथ्या दिवशी धाकटा शाळेतून आला, तर मोत्या फाटकापर्यंत आला नाही. कोपऱ्यात पडून नुसती शेपटी हलवली. भाकरीला तोंड लावेना. संध्याकाळी त्याची लघवी पाहिली तर काळ्या चहासारखी. तेव्हा मात्र माझ्या पोटात धस्स झालं.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी काही विचारलं नाही. त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असायच्या, त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मग विचारलं, "काय खायला घालता?"

मी म्हटलं, "बाहेरचं काही नाही हो डॉक्टर. घरचंच. आम्ही जेवतो तेच."

"तेच तर झालंय," डॉक्टर म्हणाले.

कांदा आणि लसूण यांत गंधकाची काही संयुगं असतात. आपल्याला ती बाधत नाहीत, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र त्यांच्यामुळे फुटतात. कांदा पोटात गेला त्याच दिवशी काही कळतंच असं नाही. एक ते पाच दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिकटतात, लघवी लालसर किंवा काळपट होते. तोवर आपण काय घातलं होतं ते विसरूनही गेलेलो असतो. एका वेळी कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा गेला तरी रक्तावर परिणाम दिसतो. म्हणजे पंधरा किलोच्या मोत्याला ७५ ग्रॅम, एखादा मध्यम कांदा! रोज थोडा थोडा गेला तरी त्रास साठत जातो. आणि कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवून मसाल्यात घातलेला, कुठल्याही रूपातला कांदा बाधतोच. शिजवल्यानं त्याचा दोष जात नाही.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मोत्याच्या पोत्याशेजारी बसून होत्या. मला म्हणाल्या, "देवाचं म्हणून दिलं गं मी. म्हणजे मीच त्याला मारत होते म्हणायचं का?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही एका दिवशी दिलंत. रोजचं कालवण मीच ओतत होते."

दोघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी बी.ए. झालेली, शाळेत चार पोरांना शिकवते, पण दारातल्या जिवाला काय चालतं नि काय नाही, हे कधी कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. सलाइन लागलं, औषधं झाली. कांदा बंद केला की शरीर नवं रक्त आपोआप तयार करतं, पण त्याला वेळ लागतो. मोत्याच्या हिरड्या पुन्हा गुलाबी व्हायला तीन आठवडे लागले. वेळेवर नेलं म्हणून वाचला.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात एक नियम झाला. मोत्याचा वाटा फोडणीआधी काढायचा. पूर्वी तो उरलेल्यातून निघायचा, आता सुरुवातीला निघतो. एवढाच फरक, पण सगळं काही त्यातच आहे.

विचार केला तर हा नियम नवा नाहीच. जुन्या घरांतून गोग्रास, काकबळी आणि कुत्र्याचा घास काढायचे, ते घरची माणसं जेवायला बसण्याआधी. उरलंसुरलं देण्याची रीत नव्हती, आधी काढून ठेवण्याची होती. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. आता कुत्र्याला तूप फार झालं तर त्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा महाराजांची ती वाटी माया म्हणून घ्यावी, माप म्हणून घेऊ नये! आमच्या तालुक्याच्या गावी, पैठणला, नाथमहाराजांची गोष्ट पोरंसोरंही सांगतात. रामेश्वराला न्यायचं गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. मला त्या गोष्टीतलं आता एक वेगळंच पटतं. गाढवाला पाणी हवं होतं आणि त्यांनी पाणीच दिलं. समोरच्या जिवाला काय हवं ते बघून द्यायचं.

हे पदार्थ कुत्र्यापुढे नकोत

ही यादी लिहून मी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहे. तुम्हीही चिकटवा.

कांदा, लसूण, कांद्याची पात आणि यांचं वाटण घातलेलं कोणतंही कालवण. कांदा-लसूण मसाला हाही त्यातच आला.

द्राक्षं, मनुका, बेदाणे. यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. एखाद्याला मूठभरानं काही होत नाही, दुसऱ्याला चार दाणे भारी पडतात. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल याला कारण असावं, असं २०२१ पासून परदेशातले पशुवैद्य म्हणू लागले आहेत. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. तेव्हा चिंचेची आमटी आणि चिंचगुळाची चटणीही नको. शिऱ्यातल्या आणि लाडवातल्या मनुका आठवणीनं सांभाळा. मुलं प्रेमानं आपल्यातला अर्धा लाडू देतात.

चॉकलेट आणि कोको. चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितकं वाईट. चहा-कॉफीही नको. बशीत चहा ओतून कुत्र्याला पाजायची हौस पुष्कळांना असते, ती सोडावी.

'शुगरफ्री' च्युइंगम आणि गोळ्या. यांत झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात एकदम उतरते, पुढे यकृतालाही इजा होते. विकतचं पीनट बटर आणत असाल, तर डब्यावर हा शब्द नाही ना, ते वाचून घ्या.

शिजवलेली हाडं. शिजल्यावर हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार काड्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीची हाडं तर मुळीच नकोत.

मिठाचं, तळणीचं, लोणच्याचं आणि पाकातलं काहीही. श्रीखंडात साखरेशिवाय जायफळही असतं. जायफळ जास्त झालं तर कुत्र्याला ते चढतं.

आंबवलेलं कच्चं पीठ. ते पोटात आणखी फुगतं.

आणि दूध? मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. दोन चमचे बिनसाखरेचं दही सहसा चालून जातं.

मग भाकरी चालते का?

चालते. हे ऐकून सासूबाईंचा जीव भांड्यात पडला होता. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या गुणसूत्रांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच सापडल्या, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या चुलीशेजारी राहून त्यानं आपलं धान्य पचवायची ताकद मिळवली आहे. तेव्हा आपल्या बाजरीच्या भाकरीशी त्याचं नातं जुनंच म्हणायचं.

पण नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही. त्याला प्रथिनं आपल्यापेक्षा जास्त लागतात. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन (हाड काढून), थोडं दही किंवा बिनफोडणीचं वरण द्यावं. अंगाला खाज, निस्तेज केस, वाढीचं पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल, तर जेवण काय नि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मी आज सांगणार आहे ते जेवण नाही, जेवणाव्यतिरिक्तचा खाऊ आहे. मुलांना मधल्या वेळी देतो तसा.

दुकानात अशा खाऊची पाकिटं मिळतात. तीही युक्ती जुनी आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ धंद्यासाठी लंडनला गेला होता. तिथं गोदीवर खलाशांनी टाकलेली कडक जहाजी बिस्किटं कुत्री चवीनं खाताना त्यानं पाहिली आणि गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांस यांची कुत्र्यांसाठी खास बिस्किटं काढली. म्हणजे बघा, कुत्र्याच्या बिस्किटाचा जन्मही कोणाच्या तरी उरलेल्यातूनच झाला! पाकिटं सरसकट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण घरात पीठ आहे, भोपळा आहे, तवा आहे. आणि आत काय घातलंय ते आपल्याला नक्की ठाऊक असतं.

१. बाजरी-भोपळ्याची बिस्किटं

साहित्य : बाजरीचं ताजं पीठ २ वाट्या (साधारण २०० ग्रॅम), वाफवून कुस्करलेला लाल भोपळा पाऊण ते १ वाटी, १ अंडं, १ चमचा शेंगदाण्याचं तेल. मीठ, साखर, गूळ, सोडा, मसाला काहीही नाही.

कृती : भोपळ्याची साल आणि बिया काढून फोडी कुकरच्या भांड्यात वरून पाणी न घालता वाफवाव्यात. निवल्यावर कुस्कराव्यात. त्यात अंडं फेटून आणि तेल घालून मावेल तसं पीठ घालत घट्ट गोळा मळावा. बाजरीला चिकटपणा नसतो, म्हणून लाटण्याच्या भानगडीत पडू नये. पोळपाटावर पीठ भुरभुरून भाकरीसारखं हातानं थापावं, पाव इंच जाड. सुरीनं शंकरपाळ्यांहून जरा मोठे तुकडे कापावेत. साधारण ६० होतात. जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून प्रत्येक बाजू दहा-बारा मिनिटं भाजावी. मग गॅस बंद करून झाकण काढून तुकडे तव्यावरच राहू द्यावेत, म्हणजे आतून कोरडे होतात. ओव्हन असेल तर १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावेत, आठवडाभर राहतात.

दोन सूचना. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं हे आपल्याला ठाऊकच आहे. भाकरीला चालत नाही म्हणून ते कुत्र्याच्या खाऊत घालू नये. भोपळ्यानं पोट साफ राहतं, पण वाटीभराच्या वर घातला तर बिस्किटं मऊ राहतात आणि बुरशी लवकर धरते.

२. नाचणी-शेंगदाण्याच्या गोळ्या (बिनअंड्याच्या)

साहित्य : नाचणीचं पीठ १ वाटी, भाजलेल्या बिनमिठाच्या शेंगदाण्यांचं कूट अर्धी वाटी, किसून वाफवलेलं गाजर अर्धी वाटी, लागेल तसं कोमट पाणी.

कृती : पीठ कोरडंच खमंग भाजून घ्यावं. त्यात कूट आणि गाजर घालून पाण्याच्या हबक्यानं मळावं. बोराएवढ्या गोळ्या वळून इडलीपात्रात १५ मिनिटं वाफवाव्यात. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात, म्हणून थोड्याच कराव्यात. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, आपल्या सगळ्या धान्यांहून जास्त असतं. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

शेंगदाणे मात्र निवडून घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्लं एकाएकी मेली. शोध घेता घेता शेंगदाण्याच्या बुरसट पेंडीशी माग लागला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उजेडात आलं. हे विष यकृत खातं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. "माणसाला नको म्हणून कुत्र्याला" हा हिशेब इथं तर सगळ्यांत महाग पडतो.

३. कलेजीचे तुकडे

साहित्य : कोंबडीची कलेजी पाव किलो आणि पाणी. बस्स.

कृती : कलेजी धुऊन साध्या पाण्यात दहा-बारा मिनिटं पूर्ण शिजवावी. हरभऱ्याच्या दाण्याहून जरा मोठे तुकडे करून कोरड्या तव्यावर मंद आचेवर सुकवावेत. उरलेलं पाणी टाकू नये, वरच्या बिस्किटांचं पीठ त्यात मळावं, वासावरच कुत्रं नाचतं. जंताची गोळी द्यायची असेल, तर ती या तुकड्यात खुपसून द्यावी. आमच्याकडे आधी गोळीसाठी तिघं मोत्याला धरायचे. आता तो स्वतः येऊन बसतो.

कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं, आणि ते जास्त झालं तरी वाईट. आठवड्यातून दोनदा, चार-पाच तुकडे पुरेत. घरात सामिष चालत नसेल, तर घट्ट बांधलेल्या दह्याचा चक्का किंवा बिनमिठाचं पनीर बोटाच्या पेराएवढं द्यावं.

४. उन्हाळ्यातला गारवा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा कुत्र्याची अन्नावरची वासना उडते. कलिंगडाचा लाल गर बिया काढून कुस्करावा, त्यात थोडं बिनमिठाचं ताक घालून बर्फाच्या साच्यात गोठवावं. दुपारी एक तुकडा ताटलीत ठेवावा, चाटत बसतं. फोडणीचं किंवा मसाला ताक नको. आणि हा तुकडा म्हणजे पाणी नव्हे. सावलीत पाण्याचं पसरट भांडं भरलेलं असायलाच हवं.

किती द्यावं?

दिवसाभराच्या एकूण अन्नातला दहावा हिस्सा, त्यापेक्षा जास्त खाऊ नको. मोत्यासारख्या पंधरा किलोच्या, हिंडत्या-फिरत्या कुत्र्याला बाजरीची पाच-सहा बिस्किटं म्हणजे झालं. लहान चणीच्या, घरात बसून असणाऱ्या कुत्र्याला एक-दोन. खाऊ दिला त्या दिवशी भाकरीचा चतकोर कमी करावा, नाही तर कुत्रं वर्षभरात मोदकासारखं होतं. कुठलाही नवा पदार्थ पहिल्या दिवशी एकच तुकडा द्यावा आणि दोन दिवस पोट कसं राहतं ते पाहावं.

कुत्रं खाताना मुलांना त्याच्या तोंडाशी हात नेऊ देऊ नका. तुकडा ताटलीत ठेवून बाजूला व्हायला शिकवा. आणि खाऊच्या आधी रेबीजची लस. ती वेळच्या वेळी, दरवर्षी. पोटात कितीही चांगलं गेलं तरी लसीला पर्याय नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. आठवड्यातून एकदा, कुत्रं निवांत असताना, आपल्या ओळखीच्या हातानं त्याचा ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत पुन्हा रंग येतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथं डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. रंग फिकट दिसला, किंवा नको तो पदार्थ पोटात गेल्याचं कळलं, तर वाट पाहू नये. मीठ-पाणी पाजून ओकवण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये, त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे कागदावर लिहून सरळ डॉक्टरांकडे न्यावं. आम्ही ते चार दिवस आधी ओळखलं असतं, तर मोत्याचे हाल वाचले असते.

एवढं ऐकेपर्यंत वहिनींचा चहा निवला होता. त्यांनी एक प्रश्न विचारला, तो तुमच्याही मनात आला असेल. "पण मग चंपाषष्ठीचं काय? खंडोबाच्या वाहनाला नैवेद्य नाही दाखवायचा?"

त्याचं उत्तर माझं नाही, सासूबाईंचं आहे. गेल्या चंपाषष्ठीला मी पहाटे उठून बघते तर त्या माझ्याआधी ओट्याशी उभ्या. एक वांगं वेगळं भाजून ठेवलेलं, त्याला कांदा-लसणाचा हात लागू दिलेला नाही. बाजरीच्या पिठाचा एक छोटा गोळा बिनमिठाचा, बाजूला. म्हणाल्या, "आधी याचा रोडगा भाजून घेते. मग देवाचं भरीत फोडणीला टाकू." देवाच्या पानात पात होती, लसूण होता, सगळं रीतीप्रमाणे होतं. मोत्याच्या पानात कोरा रोडगा, कोरं वांगं आणि वर चमचाभर दही. हळद मात्र दोघांनाही.

मग पदर खोचून सासूबाई गल्लीत चारही घरी स्वतः जाऊन आल्या. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितलं, "ताटली पाठवा, पण कांद्याआधी काढलेली पाठवा." ज्या बाईला दोन वर्षांपूर्वी घास गिळवत नव्हता, तिला सांगताना कसलाही संकोच नव्हता. त्या दिवशी तीन घरांतून कोरे रोडगे आले. एका घरानं विसरून पातीचं भरीत पाठवलं. ते सासूबाईंनी हसून ठेवून घेतलं आणि स्वतःच्या पानात वाढलं. मोत्याला त्यातलं दोन दिवस मिळून दीड रोडगा दिला, बाकीचे आम्ही दुधात कुस्करून खाल्ले.

वहिनी निघताना वर्तमानपत्राच्या पुडीत सहा बिस्किटं घेऊन गेल्या. त्यांच्या घरी कुत्रं नाही. गल्लीच्या तोंडाशी एक पिवळी कुत्री दोन पिल्लं घेऊन बसते, तिला रोज रात्री त्या भाजी-पोळी टाकतात. आता भाजी कशी असते, हे मी त्यांना विचारलं नाही. काल संध्याकाळी त्यांच्याच खिडकीतून आवाज आला, सूनबाईंना सांगत होत्या, "थांब, थांब, फोडणी टाकू नकोस. आधी वाटीभर बाजूला काढ."

मैत्रिणींनो, तुमच्या दारातल्या मुक्या जिवाचा वाटा तुम्ही केव्हा काढता, ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात याच पानावर उन्हाळी वाळवणं : साबुदाण्याच्या पापड्या तडकू नयेत म्हणून काय करावं.